हॉथॉर्नची पानं, फळं आणि बाबांचे क्रॅटेगसचे थेंब

ओवी_लीड्स (धागाकर्ती)

प्रश्न जरा लांबलचक आहे, सवडीने वाचा.

बाबा सांगलीला असतात, वय ७४. अँजिओप्लास्टी होऊन गेली आहे आणि पंपिंग थोडं कमी आहे असं दर इकोला सांगतात. मेटोप्रोलोल, रॅमिप्रिल, रक्ताची गुठळी होऊ न देणारं क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलची गोळी असं सगळं रीतसर चालू आहे. परवा फोनवर सहज बोलून गेले की फिरायला येणाऱ्या मित्राने क्रॅटेगस क्यू सुचवलंय. अर्ध्या कप पाण्यात पंधरा थेंब, सकाळ-संध्याकाळ, हृदयाचं टॉनिक म्हणून. वर म्हणाले, "हे तर तुमच्या तिकडचं झाड आहे म्हणे. येताना चांगली वाळवलेली पानं घेऊन ये, चहा करून पिऊ." हृदयाच्या डॉक्टरांच्या कानावर घातलंत का, असं विचारलं तर, "त्यांना कशाला? होमिओपॅथी तर आहे, साखरेच्या गोळ्या!"

झाड इकडचं आहे हे खरं. क्रॅटेगस म्हणजे हॉथॉर्न. इथे यॉर्कशायरमध्ये त्याच्याकडे झाड म्हणून कुणी बघतही नाही, ते कुंपण आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात संसदेने एकामागून एक कायदे करून गावांच्या सामाईक जमिनी वाटून टाकल्या, तेव्हा हद्दी आखायला मैलोन्‌मैल हेच लावलं गेलं. भराभर वाढतं, काटे असे की गुरं आरपार जात नाहीत, आणि खोडं बुडाशी अर्धवट कापून आडवी विणली की जिवंत भिंत तयार होते. मे महिन्यात फुलतं म्हणून फुलाचं नावच 'मे'. सप्टेंबरपासून लहान करवंदाएवढी लाल फळं धरतात आणि हिवाळाभर पाखरं त्यावर जगतात. कोवळी पानं पूर्वी शाळकरी पोरं येता-जाता तोंडात टाकत आणि त्याला 'ब्रेड अँड चीज' म्हणत. मी खाऊन पाहिली. ब्रेडही नाही, चीजही नाही, पाला आहे.

आमच्या शेजारच्या आजी फळांची जेली करतात, पण फुलांची फांदी घरात आणू देत नाहीत. आणली की घरात मरण येतं म्हणे. आणि हेच झाड हृदयाला बळ देतं म्हणून बाबा मागवतायत!

तर थेंबांमध्ये खरंच झाडाचं काही असतं का? बाबांच्या गोळ्यांबरोबर ते चालेल का? पानं तोडून, वाळवून नेण्यात अर्थ आहे की दुकानातली कॅप्सूल बरी? 'डॉक्टरांना विचार' हे मलाही कळतं, पण बाबांना पटवायला हातात काहीतरी हवं.

तिरकस

लोक इंग्लंडहून चॉकलेटं मागवतात. तुझे बाबा कुंपण मागवतायत. मानलं त्यांना.

स्टेथो

ओवी, मी फिजिशियन आहे, पण बाबांची फाईल मी पाहिलेली नाही. त्यामुळे हे सर्वसाधारण माहिती म्हणूनच घे.

आधी तो 'साखरेच्या गोळ्या' प्रकार. ३० किंवा २०० पॉवरच्या गोळ्यांबद्दल तसं म्हणत असतील तर मी वाद घालणार नाही. पण 'क्यू' म्हणजे मदर टिंक्चर, विरळ न केलेला अर्क. त्यात झाड आहे आणि अल्कोहोलही आहे. बाबा एक वनौषधी घेतायत असंच धरायचं.

वनौषधी म्हणून हॉथॉर्नचा अभ्यास बऱ्यापैकी झालाय. २००८ साली कॉक्रेनने (औषधांच्या चाचण्यांचे आढावे घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था) १४ चाचण्यांचा आढावा घेतला. हार्ट फेल्युअरच्या नेहमीच्या औषधांच्या जोडीला याचा अर्क दिला तर धाप आणि थकवा कमी होतो, व्यायाम थोडा जास्त झेपतो, असं त्यात दिसलं. बाबांचे मित्र जे ऐकून आहेत ते साधारण इथवरचं.

पुढचं कुणी सांगत नाही. त्याच वर्षी स्पाइस नावाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. २६८१ रुग्ण, रोज ९०० मिलिग्रॅम अर्क, दोन वर्षं. हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर बळावून भरती व्हावं लागणं, हे सगळं मिळून अर्क घेणाऱ्यांत २७.९ टक्के आणि खोटी (आत औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांत २८.९ टक्के. म्हणजे फरक पडला नाही. ज्यांचं पंपिंग २५ ते ३५ टक्क्यांच्या मधलं होतं त्यांच्यात अचानक मृत्यू कमी दिसले, पण मोठ्या चाचणीचे इतके तुकडे केले की एखाद्या तुकड्यात काहीतरी चमकतंच. त्याच्या भरवशावर मी औषध लिहून देणार नाही. मग २००९ साली मिशिगनमधली १२० रुग्णांची चाचणी आली. सहा महिने औषध घेऊन सहा मिनिटांत चालण्याचं अंतर काही वाढलं नाही. त्याच चाचणीच्या आकड्यांच्या दुसऱ्या एका विश्लेषणात तर हॉथॉर्न घेणाऱ्यांचा त्रास सुरुवातीच्या काळात जास्त बळावलेला दिसला.

विषारी आहे का? नाही. स्पाइसमधले रुग्ण बाबांसारख्याच गोळ्या घेत होते आणि दुष्परिणाम खोट्या गोळीपेक्षा जास्त नव्हते. पण तो मोजून-मापून बनवलेला अर्क होता आणि प्रत्येकावर डॉक्टरांची नजर होती. बाबांच्या बाबतीत डॉक्टरांना पत्ताच नाही, माझी हरकत तेवढ्यावर आहे. उद्या चक्कर आली, नाडी मंद झाली, बी.पी. उतरलं, तर डॉक्टर मेटोप्रोलोल कमी करतील. जी गोळी त्यांचं आयुष्य वाढवते ती कमी होईल आणि थेंब चालूच राहतील.

कृष्णाकाठ

स्टेथो, तुमच्याबद्दल आदर आहे, पण प्रत्येक गोष्ट चाचणीतच सिद्ध व्हायला हवी का? माझे चुलते कोल्हापुरात वर्षानुवर्षं क्रॅटेगस घेतायत. बी.पी. एकदम काबूत. रोज रंकाळ्याला फेरी मारतात.

स्टेथो

कृष्णाकाठ, छानच आहे. बी.पी.ची गोळीही घेतात का ते?

कृष्णाकाठ

घेतात. अॅम्लोडिपिन.

तिरकस

न्यायालयाने निकाल राखून ठेवला आहे.

कृष्णाकाठ

हसा हसा. पण माणसाला बरं वाटतं त्याला काही किंमत आहे की नाही? आमच्या काकांना थेंब घेतल्यावर धडधड कमी वाटते. ते काय खोटं बोलतायत?

राइनकाठ

कृष्णाकाठ, खोटं नाही बोलत. उलट आमच्याकडे जर्मनीत (बॉनजवळ राहतो) हॉथॉर्न आज मुख्यतः त्याच कामासाठी विकलं जातं. धडधड, हुरहुर, झोप न लागणं. २०१६ साली युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने पान-फुलाला मान्यता दिली ती एवढ्यापुरतीच. डॉक्टरांनी तपासून हृदयाचा गंभीर आजार नाही असं सांगितल्यावर, चिंतेने होणाऱ्या धडधडीसाठी, शिवाय सौम्य मानसिक ताण आणि झोपेसाठी. तीही 'परंपरेने वापरात आहे' या सदरात, 'परिणाम सिद्ध झाला आहे' या सदरात नव्हे. पायाला सूज, छातीत कळ येऊन हाताकडे किंवा मानेकडे जाणं, धाप, यातलं काही असेल तर ताबडतोब डॉक्टर गाठा, असंही त्यात लिहिलेलं आहे.

ओवी, तुझ्या कामाची एक गोष्ट सांगतो. जर्मनीत १९९४ साली 'आयोग ई' नावाच्या सरकारी समितीने सौम्य हार्ट फेल्युअरसाठी हॉथॉर्न मान्य केलं होतं, पण कशाला? फुलासकट पानाला. नुसत्या फळाला मान्यता दिली नाही, पुरेसा आधार नाही म्हणून. स्टेथोंनी सांगितलेल्या दोन मोठ्या चाचण्याही पान-फुलाच्या एका ठराविक अर्कावर झाल्या. डब्ल्यूएस १४४२ त्याचं नाव, आणि त्यात ऑलिगोमेरिक प्रोसायनिडिन (झाडातले प्रोअँथोसायनिडिन गटातले घटक) १८.७५ टक्के असावेत असं प्रमाण बांधून दिलेलं. होमिओपॅथीचं मदर टिंक्चर करतात ते पिकलेल्या फळांचं. म्हणजे बाबांच्या बाटलीत जे आहे त्याच्यावर या चाचण्या झालेल्याच नाहीत. चांगला निकालही त्या बाटलीला लागू नाही, वाईटही नाही.

इथे औषधाच्या दुकानात गेलं की काउंटरमागची बाई आधी विचारते की आणखी काय-काय घेता. आपल्याकडे कुरिअरने येतं.

२०१९ साली हे जर्मनीतलं 'वर्षाची औषधी वनस्पती' होतं. तेव्हा माझ्या सासऱ्यांनी (जर्मन) अंगणात एक लावलं. औषधासाठी नाही, ब्लॅकबर्ड यावेत म्हणून.

ओवी_लीड्स

राइनकाठ, हे फळ आणि पान वेगळं धरायचं मला माहीतच नव्हतं. इथल्या दुकानात सगळीकडे 'हॉथॉर्न बेरी' कॅप्सूलच दिसतात. म्हणजे ज्याचा अभ्यास झाला ते पान कुंपणावर वाळतंय आणि ज्याचा झाला नाही ते बाटलीत.

राइनकाठ

ब्रिटनमध्ये पाकिटावर टीएचआर (परंपरागत वनौषधी म्हणून नोंदणी) अशी खूण असते ती बघ. ती असली तर आत काय आणि किती आहे याची निदान तपासणी झालेली असते. ती खूण असली म्हणून औषध गुणकारी ठरत नाही, हेही तितकंच.

वैद्यबुवा

धागा आत्ता पाहिला. मी आयुर्वेदाचा पदवीधर, साताऱ्यात दवाखाना.

हॉथॉर्न आपल्या आयुर्वेदाच्या संहितांमध्ये नाही. त्याचा रस, वीर्य, विपाक (आयुर्वेदात सांगतात ते गुणधर्म) काय, असं मला रुग्ण विचारतात. हल्ली संकेतस्थळांवर तेही छापून मिळतं. ते आजच्या माणसांनी बसवलेले अंदाज आहेत, ग्रंथोक्त काही नाही. मी देत नाही.

हृदयासाठी आपल्याकडे अर्जुन. कृष्णेच्या, वारणेच्या काठाने अर्जुन सादडे उभे आहेत. पांढरट गुळगुळीत बुंधा, साल पापुद्र्यांनी सुटते. चक्रदत्त या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात अर्जुनाची साल दुधात शिजवून द्यायला सांगितली आहे, तो अर्जुन क्षीरपाक. गंमत म्हणजे अर्जुनाच्या सालीतही हे प्रोअँथोसायनिडिन गटातले घटक सापडतात. दोन खंडांतल्या दोन वेगळ्या कुळांतल्या झाडांकडे लोक एकाच दुखण्यासाठी वळले, याचं मला कुतूहल आहे.

पण ओवीताई, बाबांना 'हॉथॉर्न सोडा, अर्जुन घ्या' असं मी इथून सांगणार नाही. स्टेथोंची हरकत अर्जुनालाही तशीच लागू आहे. क्लोपिडोग्रेल चालू असलेल्या माणसाला कोणताही काढा चालू करताना मी आधी त्याच्या हृदयतज्ज्ञाला फोन लावतो. काही फोन उचलतात, काही नाही.

स्टेथो

वैद्यबुवा, +१. मी उचलतो.

झुळूक

कुतूहल म्हणून विचारते. या झाडाचा आणि हृदयाचा संबंध इंग्लंडात फार जुना आहे का? आपल्याकडे म्हणतात ना, 'हजारो वर्षांपासून'.

डब्लिनचा_दत्तू

झुळूक, तीच तर मजा आहे. झाड जुनं, हृदय नवीन. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याच्या ग्रंथात ऑक्सिअकँथा नावाने याच्या जवळचं काटेरी झाड येतं, पण तिथे त्याचं फळ जुलाब थांबवायला. सतराव्या शतकातला लंडनचा वनौषधीवाला कल्पेपर मुतखडा आणि जलोदराला देतो. हृदयाचं नाव नाही.

हृदयाची गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला सुरू होते, तीही आमच्या आयर्लंडात. क्लेअर परगण्यात एनिस नावाचं गाव आहे. तिथले एक डॉक्टर ग्रीन हृदयरोगावरच्या गुप्त औषधासाठी प्रसिद्ध होते. ते वारल्यावर, म्हणजे १८९४ नंतर, ते औषध हॉथॉर्नच्या फळांचं टिंक्चर होतं असं बाहेर आलं, अशी कथा सांगतात. लगेच १८९६ साली जेनिंग्स नावाच्या डॉक्टरने अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लिहिलं आणि ते तिकडच्या होमिओपॅथीच्या वैद्यांनी उचललं. आपल्याकडे क्रॅटेगस आलं ते होमिओपॅथीच्या त्या बाडबिस्तऱ्यातून. ते फळांचंच राहिलं, कारण सुरुवातच फळांपासून झाली.

म्हणजे 'हजारो वर्षांचं हृदयाचं औषध' असं जे लेबलवर असतं ते साधारण सव्वाशे-दीडशे वर्षांचं आहे.

अवांतर: त्याच क्लेअर परगण्यात लाटून इथे रस्त्याच्या कडेला एक एकटं हॉथॉर्न आहे. १९९९ साली तिथून मोठा रस्ता न्यायचा होता. एडी लेनिहान नावाच्या कथेकऱ्याने वर्तमानपत्रांतून सांगितलं की हे परींचं झाड आहे, कॉनॉट प्रांतातल्या परींशी लढाईला जाताना इकडच्या मन्स्टर प्रांतातल्या परी इथे जमतात, तोडाल तर रस्त्यावर अपघात होतील. झाड वाचलं, आराखड्यात त्याला जागा ठेवली गेली. एकट्या उभ्या हॉथॉर्नला आजही बरेच शेतकरी कुऱ्हाड लावत नाहीत. ट्रॅक्टर वळसा घालून जातो.

तिरकस

म्हणजे तिकडे परी रस्ता अडवते आणि इकडे आमचा म्हसोबा. खातं एकच दिसतंय.

ओवी_लीड्स

दत्तू, शेजारच्या आजींचं मरण कशाने येतं ते मी शोधून काढलं. फुलांमध्ये ट्रायमिथाइलअमाईन असतं, आणि मांस सडायला लागतं तेव्हा जे वास सुटतात त्यातलाही एक हाच. पूर्वी माणूस गेला की प्रेत काही दिवस घरातच ठेवत. तो वास ज्यांच्या ओळखीचा होता त्यांना ही फुलं घरात नको वाटणारच. आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. तरीही आणू नकोस."

पर्णिका

वनस्पतीशास्त्र शिकवते म्हणून राहवत नाही. ओवी, पानं तोडायचीच असतील तर आधी झाड नीट ओळख.

तुमच्या कुंपणात पांढऱ्या फुलांची दोन काटेरी झाडं शेजारी-शेजारी असतात. मार्च-एप्रिलमध्ये पानं येण्याआधीच काळ्या काड्यांवर फुलतं ते ब्लॅकथॉर्न, आलुबुखाराच्या नात्यातलं. हॉथॉर्नला आधी पानं येतात, मग मे महिन्यात फुलं. फळ लागल्यावर तर चूक होणारच नाही, ब्लॅकथॉर्नचं निळं-काळं असतं. हॉथॉर्नमध्येही तिकडे मुख्य जाती दोन. मोनोगायना म्हणजे खोल कातरलेलं पान आणि फळात एक बी. लेव्हिगाटा म्हणजे उथळ कातरलेलं पान आणि दोन-तीन बिया. औषधासाठी दोन्ही चालतात आणि त्यांचा आपसात इतका संकर होतो की कुंपणातलं झाड नक्की कोणतं हे सांगताना आम्हीही चाचरतो.

फळांची जेली करताना बिया गाळून टाकायच्या, मिक्सरला लावायच्या नाहीत. सफरचंदाच्या बियांसारखं त्यांतही अमिग्डालिन असतं, त्यातून पोटात सायनाइड सुटतं. कुळ एकच, गुलाबाचं.

भारतात हॉथॉर्न नाहीच असं नाही. काश्मीर, हिमाचलात क्रॅटेगसच्या जाती रानात आहेत. कुमाऊँमध्ये घिंगारू म्हणून झुडूप दिसतं, लालभडक फळांचे घोस असलेलं. त्याला पूर्वी क्रॅटेगस क्रेन्युलाटा म्हणत, आता ते पायराकँथा मानतात. नात्यातलं आहे, पण हॉथॉर्न नव्हे. सह्याद्रीत यातलं काहीच नाही.

शांघाय_रिटर्न

तुम्ही सगळे हृदयात अडकलात. चीनमध्ये हॉथॉर्न पोटाचं आहे!

तिकडची जात वेगळी, क्रॅटेगस पिनॅटिफिडा. फळ मोठं, चांगलं आवळ्याएवढं, आंबट. नाव शान-चा. जड जेवण, विशेषतः मटण-डुकराचं तेलकट जेवण, अंगावर आलं की शान-चा. वाळवलेल्या चकत्यांचा चहा करतात, किंवा चकत्या काळपट होईपर्यंत भाजून इतर औषधांत घालतात. भाजलेली शान-चा, मोड आणलेलं सातू आणि आंबवलेल्या औषधी पिठाच्या वड्या या तिघांना मिळून 'तीन भाजलेले अमर' असं काहीसं नाव आहे. पोट गच्च झालं की हा त्रिकुटाचा काढा. सोळाव्या शतकातल्या ली शी-चेनच्या प्रचंड निघंटूत तर लिहिलंय की म्हातारी कोंबडी किंवा चिवट मांस शिजवताना दोन-चार शान-चा टाका, लवकर शिजतं. आपण मटणाला कच्ची पपई लावतो तेच.

पण मी प्रेमात पडले ती बीजिंगच्या थंडीतल्या थांग-हुलूच्या. बांबूच्या काडीला सात-आठ फळं ओवायची आणि कडक पाकात बुडवायची. बाहेरून काचेसारखी साखर, आत असं आंबट की डोळे मिटतात. हल्ली स्ट्रॉबेरीची करतात. स्ट्रॉबेरीला तो आंबटपणा कुठून येणार?

एक मात्र आहे, कच्ची शान-चा रिकाम्या पोटी खूप खाऊ नका असं तिथल्या आज्या बजावतात. डॉक्टरही तेच सांगतात. फळातलं टॅनिन आणि पेक्टिन पोटातल्या आम्लात घट्ट होऊन गोळा बनतो, अगदी दगडासारखा. काहींना तो दुर्बिणीने फोडून काढावा लागतो.

कृष्णाकाठ

हे आवडलं. पचनाचं औषध म्हणून कुणी वाद घालत नाही, कारण ढेकर आली की निकाल लागला.

ह्यूस्टनकरीण

बायांनो, बाप्यांनो, मला एक गंभीर गोष्ट लिहायचीय. हॉथॉर्नचा मेक्सिकन भाऊ आहे, तेहोकोते. पिवळी-केशरी फळं. नाताळात मेक्सिकन घरांत पोन्चे नावाचं गरम पेय करतात, त्यात दालचिनी, ऊस, पेरू आणि हे तेहोकोते. माझ्या शेजारणीकडे पिते, फार छान लागतं. फळाबद्दल तक्रार नाही.

पण याच झाडाचं मूळ म्हणून वजन कमी करायच्या गोळ्या ऑनलाइन विकल्या जातात. आमच्या मराठी गटातही एकीने विचारलं होतं, "नैसर्गिक आहे, घेऊ का?" २०२२ साली न्यू जर्सीत एका जेमतेम दोन वर्षांच्या मुलाने घरातल्या अशा गोळ्या खाल्ल्या. उलट्या झाल्या, नाडी मंदावली, दवाखान्यात नेलं तर रक्तात डिगॉक्सिनसारखं (हृदयाचं एक जहाल औषध) काहीतरी. घरात कुणी डिगॉक्सिन घेत नव्हतं. मग तिथल्या विषबाधा केंद्राने बाजारातून तेहोकोते नावाचे दहा नमुने विकत घेऊन तपासले. नऊ निघाले पिवळ्या कण्हेरीचे! पुढे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला.

पिवळी कण्हेर म्हणजे तीच, आपली बिट्टी. लहानपणी जिच्या बियांनी खेळायचो.

स्टेथो

ह्यूस्टनकरीण, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. जिल्हा रुग्णालयात काम केलेल्या प्रत्येकाने बिट्टी खाल्लेला रुग्ण पाहिलेला असतो. तिच्यातलं थेव्हेटिन हृदयावर डिगॉक्सिनसारखंच काम करतं, फक्त डोस कुणाच्या हातात नसतो. उलट्या, मग नाडी कमी, मग हृदयाचा ताल बिघडतो. श्रीलंकेत तर या बियांनी कित्येक माणसं गेली आहेत. उतारा म्हणून डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंड आहेत, पण महाग आणि सगळीकडे मिळत नाहीत.

हृदयावर चालणाऱ्या वनस्पतींचं हे असंच आहे. फॉक्सग्लोव्हच्या पानाचा हिशेब विल्यम विदरिंगने १७८५ साली मांडला. कोणाला किती दिलं, कुणाला बाधलं, सगळं लिहून. त्यातूनच पुढे डिगॉक्सिन मिळालं. हॉथॉर्नमधून असा एक नेमका रेणू कधी हाती लागला नाही. सौम्य आहे म्हणून सुरक्षित, आणि सौम्य आहे म्हणूनच परिणामही बेताचा. एक उदाहरण देतो. रेडिंग विद्यापीठाने २००६ साली टाइप २ मधुमेहाच्या ७९ रुग्णांना रोज १२०० मिलिग्रॅम अर्क सोळा आठवडे दिला. खालचं बी.पी. सरासरी ८५.६ वरून ८३ वर आलं. वरच्या आकड्यात दोन गटांत फरक नाही. कृष्णाकाठ, तुमचे काका रोज रंकाळ्याला फेरी मारतात, निम्मं श्रेय तिला द्या.

कृष्णाकाठ

दिलं. त्यांना थेंबांचं विचारलं आज. त्यांच्या डॉक्टरांना ठाऊक आहे म्हणाले, प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर खाली लिहूनच ठेवलंय. मग माझा मुद्दा संपला.

ओवी_लीड्स

मंडळी, बाबांशी बोलले. चाचण्यांचे आकडे सांगितले तर म्हणाले, "परदेशी लोकांवर केलंय." बिट्टीचं सांगितलं तेव्हा मात्र गप्प झाले, कारण आमच्या मागच्या अंगणात बिट्टीचं झाड होतं आणि आजी त्याच्या बियांना हात लावू द्यायची नाही. "म्हणजे बाटलीवर लिहिलेलं झाड आणि आतलं झाड एकच असेल असं नाही?" हे त्यांनी स्वतःच विचारलं.

काल ते हृदयाच्या डॉक्टरांकडे बाटली खिशात घालून गेले. डॉक्टरांनी नाडी मोजली, बी.पी. उभं राहून आणि बसून घेतलं, आणि पुढच्या इकोपर्यंत थेंब बंद ठेवा म्हणाले. महिन्याभराने डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, तिथेही सांगा म्हणाले. रागावले नाहीत याचं बाबांना आश्चर्य वाटलं.

पानांचा हट्ट मात्र गेलेला नाही. आता म्हणतात, चहा नको, पण बिया आण, पाचगणीला मामांच्या बंगल्याशी लावून बघू. पर्णिका, जगेल का?

पर्णिका

बी टणक असते आणि तिला थंडी लागते. तिकडच्या मातीतही अनेकदा दोन हिवाळे काढल्यावर, दीड वर्षाने उगवते. पाचगणीची थंडी तिला पुरेल असं मला वाटत नाही. त्यातून उगवलं तरी फुलेल की नाही कोण जाणे.

पण मुळात आणू नकोस. परदेशातून बी किंवा रोप आणायचं तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि आयातीचा परवाना लागतो. हॉथॉर्नच्या बाबतीत तर ते काटेकोर असणं फारच योग्य आहे, कारण सफरचंद आणि नाशपातीच्या बागा जाळल्यासारख्या करणारा फायर ब्लाइट हा जिवाणूरोग याच्यावरही वाढतो. हिमाचलातल्या बागायतदारांनी आपलं काय वाईट केलंय?

मामांना सांग, अर्जुन लावा. वाईच्या बाजूला नदीकाठी जागा असेल तर उत्तम, पाचगणीच्या माथ्यावर तोही कुरकुरेल.

तिरकस

आणि बाबांना इंग्लंडहून चॉकलेटं. डार्क. हृदयाला चांगली असतात म्हणे.

स्टेथो

तिरकस, त्याचा वेगळा धागा काढा.